तीस बाटल्या, एकही रविवार नाही

आमच्याकडे कालव चांगलं की वाईट हे कालवालाच विचारतात. दहाबारा कालवं फोडायची, मांस वाटायचं, दोन दिवस उबेत ठेवायचं आणि जंतू मोजायचे. दोनशे तीसच्या आत आले की झालं. अमेरिकेत कालवाला कुणी विचारत नाही, पाण्याला विचारतात. ज्या पाण्यात ते वाढलं ते बाटलीत भरायचं आणि त्यातले जंतू मोजायचे. चौदाच्या आत आले की झालं. एकजण मुलगी बघतो, दुसरा तिचं घराणं बघतो, असा प्रकार.

एवढ्या फरकापायी कित्येक वर्षं आमचं एक कालव तिकडे गेलं नाही आणि त्यांचं एक इकडे आलं नाही. दोन्हीकडचे लोक आपापली कालवं लिंबू पिळून खात होते, धडधाकट होते, आणि समुद्रापलीकडचे लोक घाण खातात असं मनापासून समजत होते. मी आधी समजत होते की दोन देशांमधली भिंत म्हणजे जकात, शिक्के, बंदरावरचे गणवेशवाले. तसं नसतं. एकाची काळजी करण्याची पद्धत दुसऱ्याला काळजी वाटतच नाही, एवढंच पुरतं.

मग इकडे ब्रसेल्सच्या आणि तिकडे वॉशिंग्टनच्या माणसांनी बसून ठरवलं की तुमची पद्धत आम्ही थोडी मानतो, आमची तुम्ही थोडी माना. पडताळणीसाठी काही खाड्या निवडल्या. त्यांत आमच्या येर्सेके गावाची निघाली.

निवड झाल्याचा कागद आला तेव्हा आमची सहा शेतं होती. शेतं म्हणजे पाण्याखालची, चारी कोपऱ्यांना काठ्या रोवलेली, खापरपणजोबांपासून आमच्याकडे चालत आलेली. पण शिंपल्याला भोक पाडून आतलं खाणारी एक परदेशी गोगलगाय खाडीत शिरली, तिच्या मागोमाग रोग आला, आणि अर्धी कालवं गेली. उरलेली विकायची कुणाला? आमच्या माणसांना कालवं आठवतात ती नाताळात. शिंपल्यांच्या धंद्यातली एक मोठी कंपनी सहाही शेतं भाड्याने घ्यायला टपून होती. बाबांनी त्यांना शब्द दिला होता, डिसेंबरापर्यंत अमेरिकेचं दार उघडलं तर ठीक, नाहीतर सही करतो.

बाबा म्हणजे क्रेइन झांदे, तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचे. चर्चमध्ये तीस वर्षं पंच. पंचांचा बाक पुढे, मंडळीकडे तोंड करून असतो. त्यामुळे मला लहानपणापासून बाबा चर्चमध्ये दिसत आले ते समोरून, आरोपीला न्यायाधीश दिसतो तसे. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. मी याकोमिना, सगळ्यांची मिना. शाळा सोळाव्या वर्षी सुटली. प्रयोगशाळेचं काम बघून बघून शिकले आणि इंग्रजी शिकले ते अमेरिकेच्या त्या जाडजूड नियमपुस्तकावरून. म्हणून मला इंग्रजीत ‘सांडपाण्याचा उगम’ फाडफाड म्हणता येतं, पण ‘प्रवास कसा झाला’ म्हणताना जीभ अडखळते.

नियम असा होता की वर्षात तीस वेळा प्रत्येक शेतावरचं एकेक बाटली पाणी भरायचं आणि कोणत्या दिवशी ते आपण ठरवायचं नाही. हेगमधलं एक यंत्र डोळे मिटून तारखा काढणार. बरोबरच आहे. माणसाला दिवस निवडू दिला की तो पाहुण्यांच्या आदल्या दिवशी घर झाडतो. बाबा मचवा चालवायचे, मी वाकून बाटली भरायची. ऊन, गारा, मार्चातला तो हाडं फोडणारा वारा, काही चुकवलं नाही. चार तारखा रविवारच्या निघाल्या होत्या. त्या मी सोमवारी केल्या.

मी काही लपवलं नाही. सोमवारची तारीख स्वच्छ अक्षरात घातली. आमच्या गावात रविवारी दोरीवर टॉवेलसुद्धा वाळत घालत नाहीत. दोन वेळची उपासना, मधे आदल्या दिवशी रांधून ठेवलेलं जेवण, फारतर समुद्राच्या बांधावर एक फेरी. रविवारी मचवा काढायचा नाही हे मला कुणी सांगितलेलंही आठवत नाही. चार तारखा वाचताना मी त्या सोमवार म्हणूनच वाचल्या. बाबांनीही तसंच वाचलं. हेगच्या साहेबांनी तीसला तीस मोजले आणि शिक्का मारला.

जुलैच्या अखेरीला तपासणीला अमेरिकनबाई आल्या. नाव रोवेना, साठीच्या, मेरीलंडच्या खाडीकाठच्या. पिशवीत स्वतःचे रबरी बूट. मला ते आवडलं. दुसऱ्याच्या बुटात पाय घालणारा तपासनीस काय तपासणार? स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसवलं, कॉफी दिली, बोलुस दिला. बोलुस हा आमचा दालचिनीचा चिकट गोड पाव. तो उलटा करून खालच्या अंगाला लोणी लावायचं असतं. बाईंनी न सांगता उलटा केला. बाबांनी माझ्याकडे बघून मान हलवली. म्हणजे पास.

त्या तासभर कागद वाचत होत्या. मग म्हणाल्या, “फार छान आहे. इतकं छान, की मी दोनदा चष्मा पुसला.” आणि तारखांच्या रकान्यावरून बोट खाली नेत नेत थांबल्या. “तीस बाटल्या. एकही रविवार नाही?”

“काय म्हणतायत?” बाबांनी विचारलं.

“म्हणतायत, एकही रविवार नाही.”

“मग? बरोबर आहे की.”

मी इंग्रजीत सांगितलं, “आम्ही रविवारी पाण्यावर जात नाही.”

“तुम्ही नसाल जात,” बाई म्हणाल्या. आवाजात टोचणी नव्हती. “पाणी जातं.”

मी बाबांना ते सांगितलं. त्यांनी कप ढवळला. साखर घातलेलीच नव्हती.

“रविवारी तिथे कोण असतं?” बाईंनी मला विचारलं.

आता हे मला ठाऊक होतं. दुपारी चर्चच्या दारातून बाहेर पडलं की समोर पांढऱ्या डोलकाठ्यांचं रान दिसतं. वर्षानुवर्षं बघत आले होते. पण बघणं आणि ध्यानात येणं यांच्यामध्ये एक आख्खा रविवार उभा होता.

“हौशी लोक. अँटवर्पचे, रॉटरडॅमचे,” मी म्हणाले. “नौका घेऊन येतात.”

“किती?”

“चाळीसेक. ऊन पडलं तर साठ.”

“नांगर कुठे टाकतात?”

“आमच्या आतल्या दोन शेतांच्या कडेला. तिथे वारा लागत नाही.”

शौचाच्या टाक्या ते कुठे रिकाम्या करतात हे त्यांनी विचारलं नाही. कायद्याने पाण्यात सोडायला बंदी आहे. पण कायदा बंदरावर राहतो आणि टाकी नौकेत. बाईंनी पेनाला टोपण लावलं. लिहिलं असतं तर बरं वाटलं असतं.

“ऑगस्टात चार रविवार आहेत,” त्या म्हणाल्या. “महिनाअखेरपर्यंत फाइल उघडी ठेवते. चार रविवारचं पाणी द्या. नाहीतर मला ‘अपूर्ण’ लिहावं लागेल, आणि मग दोन वर्षं पुन्हा पहिल्यापासून.”

मला राग आला होता, आणि रागात माझं इंग्रजी सुधारतं. “तुम्ही तिकडे कालवाला कधी काही विचारता का हो, बाई? का नुसतं पाणीच बघत बसता?”

त्या हसल्या. मग हसू मावळलं. “एका उन्हाळ्यात आमचं पाणी स्वच्छ होतं. बाटली बाटली स्वच्छ. तरी माणसं आजारी पडली. घाण आदल्या आठवड्यात येऊन गेली होती. पाणी पुढे निघून गेलं आणि कालवांनी मात्र धरून ठेवलं होतं. तुम्ही ते वाटून कसं मोजता ते दाखवाल मला?”

दुपारभर त्या माझ्याजवळ उभ्या राहून कालवं फोडत होत्या. सुरी धरायची त्यांची पद्धत उलटी होती, पण हात माझ्यापेक्षा जलद होता. मी ते कबूल केलं नाही.

त्या गेल्यावर मी बाबांना म्हटलं, “तुम्ही नका येऊ. मचव्याला दुसरा कुणी बघू. अँटवर्पच्याच एखाद्याला बाटल्या देऊ. त्यांना काय रविवार आणि काय बुधवार.”

“रविवारी काम नको या आज्ञेत नोकराचंही नाव आहे, मिने. बैलाचंही आहे आणि दाराशी आलेल्या परक्याचंही,” बाबा म्हणाले. “आपलं पाप भाड्याने द्यायची सोय नाही.”

“मग डिसेंबरात सही करायची?”

“करीन.”

“चार पिढ्यांची शेतं, बाबा.”

“चारही पिढ्यांनी रविवार पाळला.”

मी भांडी घासली, जरुरीपेक्षा जास्त आवाज करून.

ऑगस्टच्या पहिल्या रविवारी उधाणाची ओहोटी होती. असं पाणी उतरलं की आतल्या दोन शेतांपर्यंत चालत जाता येतं. सकाळची उपासना संपली, मी बाबांना बटाटे वाढले, आणि रविवारचा काळा झगा नि टोपी तशीच ठेवून पायात बूट चढवले. फेरी मारायला परवानगी असतेच. खिशात दोन बाटल्या होत्या, त्या कुणाला दिसत नव्हत्या. चिखलातून पाय उपटत जाताना बांधावरून शेजारच्या सिंकेकाकूंची हाक आली.

“मिना! काही हरवलं का गं?”

“हो, काकू!”

“काय?”

“अजून कळलं नाही!”

चाळीस पावलांवर नौका होत्या. गाणी, तळलेल्याचा वास, एक कुत्रा माझ्यावर भुंकत होता. मी वाकून दोन्ही बाटल्या भरल्या. पाणी रोजच्यासारखंच दिसत होतं. घरी येऊन त्या फ्रिजमध्ये लोण्यामागे ठेवल्या. फ्रिज रविवारीही चालतो, त्याला कुणी पापी म्हणत नाही. सोमवारी पहाटे प्रयोगशाळेत नेल्या.

बुधवारी उत्तर आलं. एका शेताचा आकडा एकशे दहा, दुसऱ्याचा शहाण्णव.

हा कागद अजून माझ्यापुरताच होता. बाईंना पाठवायचा की चुलीत घालायचा हे माझ्या हातात होतं. तो पाठवला तर दार आपणच आपल्या हाताने लावल्यासारखं, न पाठवला तर ‘अपूर्ण’. काहीही केलं तरी शेतं जाणार. मग मी तो दुपारच्या जेवणाला बाबांच्या ताटाशेजारी ठेवला. का, ते सांगता येत नाही. एकटीने ओझं उचलवत नव्हतं एवढंच.

बाबांनी प्रार्थना केली, चष्मा लावला, वाचलं. चौदाचा अर्थ त्यांना पाठ होता.

“हे कुठलं?”

“आतल्या शेतांवरचं. रविवारचं.”

मला वाटलं आता बोलणी बसणार. ते म्हणाले, “सोमवारी किती असतं?”

“नऊ. कधी अकरा.”

“म्हणजे दोन भरत्या आल्या की धुऊन निघतं.”

“हो.”

“आणि आपण जातो सोमवारी.”

“हो, बाबा.”

बटाटे निवत होते. बाबांनी खिडकीबाहेर बांधाकडे बघितलं. मग त्यांनी ती गोष्ट काढली जी आमच्या भागातली त्या वयाची माणसं काढत नाहीत.

“त्रेपन्न साली मी आठ वर्षांचा होतो. शनिवारी झोपलो, रविवारी उठलो तर जिन्याच्या चौथ्या पायरीपर्यंत समुद्र. घंटा वाजत होती, पण ती उपासनेची नव्हती. माझ्या बापाने मचवा काढला. संध्याकाळपर्यंत छपरांवरून अकरा माणसं आणली त्याने. पुढे पाळक म्हणाले की ती निकड होती, देव माफ करतो. सगळे तेच सांगतात.” त्यांनी काटा उचलून परत ठेवला. “मला आठवतं ते दुसरंच. आई रडत म्हणाली, रविवारी कसं आलं हो हे? जणू बुधवारी आलं असतं तर चाललं असतं. आणि बाप म्हणाला, अगं, पाण्याला वार कुठे कळतो. मी हे ऐकलेलं आहे, मिने. माझ्या या कानांनी. आणि सहासष्ट वर्षं विसरून बसलो. मेरीलंडहून एक बाई यावी लागली.”

मी त्यांचे निवलेले बटाटे परत गरम करायला उचलले. बोलले असते तर रडले असते, आणि बाबांना जेवताना रडलेलं खपत नाही.

दुसऱ्या दिवशी ते पाळकांकडे गेले, मला बरोबर घेऊन. पाळक पस्तिशीचे, समंजस, पण नवीन. चहा झाला.

“योब्से रविवारी गाई पिळतो,” बाबा म्हणाले. “त्याला कुणी काही म्हणत नाही.”

“झांदेकाका, गाय पिळली नाही तर ओरडते. कालवं कुठे ओरडतात?”

“म्हणूनच बघायला जावं लागतं.”

पाळकांनी कप खाली ठेवला. “तुम्ही पंच आहात. लोक तुमच्याकडे बघून चालतात. आज तुम्ही कालवांसाठी मचवा काढलात, उद्या कुणी बागेसाठी फावडं काढेल. आणि खरं सांगा, हे कालवांसाठी की अमेरिकेसाठी?”

खोटं बोलता येत नाही अशा माणसाला असे प्रश्न फार महागात पडतात. “दोन्हीसाठी,” बाबा म्हणाले. “वेगळं काढता येत नाही. म्हणून पंचांच्या बाकावरून मी उठतो. तुम्ही उठवावं असं नको.”

“नोव्हेंबरात पंचांची सभा आहे. तोवर बसा,” पाळक म्हणाले. त्यांचाही चेहरा उतरला होता.

पुढच्या रविवारी उपासना सुटल्यावर बाबा तडक धक्क्यावर गेले. अंगात काळा सूट, डोक्यावर काळी हॅट. मी म्हटलं, “निदान बूट तरी बदला.”

“कामाचे कपडे घातले तर ते काम होईल.”

इंजिन चालू झालं. आठवड्यात तो आवाज कुणाला ऐकूही येत नाही. त्या दिवशी गावातल्या प्रत्येक खिडकीला ऐकू आला. पडदे हलले. बाबा ताठ उभे राहून सुकाणू धरून होते, आणि त्यांचे कान लाल झाले होते. सहा शेतं, सहा बाटल्या. शेवटची भरल्यावर मला वाटलं, परत फिरू. तर मचवा वळला तो नौकांकडे.

पहिल्याच नौकेवर अर्ध्या चड्डीतला एक अँटवर्पचा माणूस होता. काळ्या सुटातला म्हातारा आणि काळ्या टोपीतली बाई येताना बघून त्याने गाणं बंद केलं आणि डोक्यावरची टोपी काढली.

“कुणी गेलं का हो?”

“अजून नाही,” बाबा म्हणाले. “तुम्ही टाकी इथेच मोकळी करता ना?”

“छे! म्हणजे... सगळेच करतात.”

“ती माझ्या कालवांच्या तोंडात जाते. ही खाली आहेत, तुमच्या नांगराशेजारी. बंदरावरच्या हॉटेलात खाता की नाही?”

“कालच खाल्ली,” त्याची बायको आतून बाहेर येत म्हणाली. “बारा.”

“लिंबू पिळून?”

ती नवऱ्याकडे बघत राहिली. तो मुकाट्याने नांगर ओढायला लागला.

त्या दिवशी एकवीस नौकांशी बोललो. काहींनी शिव्या दिल्या, एकाने वाइन देऊ केली. पुढच्या रविवारी बाबा पुन्हा सुटात, पुन्हा सगळ्यांशी. बरेच जण खाडीच्या पलीकडच्या कडेला जाऊन राहायला लागले होते. तिथे वारा लागतो, पण कालवं नाहीत. आतल्या शेतांचा आकडा अठ्ठ्याऐंशी, मग चाळीस, शेवटच्या रविवारी सतरा. बाहेरची चार शेतं सगळे रविवार आठ-नऊच्या आसपास. पहिल्या रविवारी तिकडे चालत पोहोचताच येत नव्हतं, म्हणून त्या चार शेतांच्या चार बाटल्या कमी होत्या. तेही मी बाईंना कळवलं, एकशे दहासकट.

ऑक्टोबरात पत्र आलं. बाहेरची चार शेतं मंजूर, बारा महिने. कमी पडलेला रविवार पुढच्या ऑगस्टात भरून द्यायचा. आतली दोन फक्त थंडीत, नौका नसतात तेव्हा. खाली हाताने लिहिलं होतं, ‘एकशे दहा पाठवलंत म्हणून बाकीच्या आकड्यांवर विश्वास बसला. आम्हीही आता काही ठिकाणी कालवं वाटून बघतोय. सुरी मात्र माझ्याच पद्धतीने धरते.’

आतल्या दोन शेतांत आम्ही पिल्लं वाढवायचं ठरवलं. डिसेंबरात कंपनीचा माणूस सहीचे कागद घेऊन आला, त्याला बोलुस दिला आणि तसाच परत पाठवला. नोव्हेंबरात पंचांच्या सभेने बाबांचं बाकावरून उठणं वर्षअखेरीपासून मान्य केलं होतं, दोन ओळींत, आभारासह. सिंकेकाकू अजून बांधावर मला बघितलं की समुद्राकडे बघतात.

नव्या वर्षाची तारखांची यादी आली. बाबांनी आधी रविवार मोजले.

“सहा? गेल्या वर्षी चार होते.”

“यंत्र काढतं, बाबा.”

“यंत्राला काही वाटायला हवं.”

यादीतला पहिला रविवार जानेवारीतलाच पहिला होता. चर्चमध्ये बाबा दारातून आत आले आणि सवयीने पुढे निघाले. मधल्या वाटेत थबकले, आणि वळून माझ्या बाकावर माझ्या शेजारी येऊन टेकले. मला कळायला लागल्यापासून पहिल्यांदा. हॅट कुठे ठेवायची ते त्यांना कळेना. मी दाखवलं.

प्रवचन सुरू झालं की आमच्याकडे बाकाबाकावर पेपरमिंट फिरतं. पहिल्या मुद्द्याला एक, दुसऱ्याला एक. पुढच्या बाकावर, साऱ्या मंडळीच्या नजरेसमोर, ते खाता येत नाही. म्हणजे तीस वर्षं बाबांनी सगळी प्रवचनं कोरड्या तोंडाने ऐकली होती. मी पुडी पुढे केली. त्यांनी तिच्याकडे जरा संशयाने बघितलं.

“ओहोटी कितीला?” त्यांनी कुजबुजत विचारलं.

“साडेबाराला.”

“मग बोलू दे त्यांना सावकाश,” बाबा म्हणाले, आणि एक पेपरमिंट घेतलं.